नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर आणि पहिले ऑइल

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

गेल्या आठवड्यात आम्ही पेट्रोलवर चालणारी नवी कार घेतली. सिद्धेश्वराच्या देवळासमोर पूजा झाली, चाके लिंबांवरून गेली आणि त्याच संध्याकाळी घरात वाद सुरू झाला. माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पहिले दोन हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी चाळिसाच्या वर नेऊ नये आणि हजार झाले की चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) रिकामे करून नवे ऑइल भरावे, कारण नव्या इंजिनात लोखंडाचा कीस पडतो. शोरूममधील माणसाने मात्र आजच्या इंजिनाला रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून इंजिन बसवणे, लागतच नाही, हजारला फक्त तपासणी होईल आणि ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने बदलेल, असे सांगून विषय संपवला. गाडीच्या पुस्तिकेचे मत दोघांशीही जुळत नाही. पहिले हजार किलोमीटर इंजिनाचे फेरे २००० ते ४००० च्या दरम्यान ठेवावेत आणि फार वेळ एकाच वेगाने जाऊ नये, असे तिच्यात छापलेले आहे. लवकर ऑइल बदलण्याविषयी एक अक्षरही नाही.

येत्या रविवारी मला पुण्याला जाऊन यायचे आहे, म्हणजे एका दिवसात सुमारे ५०० किलोमीटर. गाडीवर सध्या १२० किलोमीटर झाले आहेत. जावे का, आणि हजारला ऑइल बदलावे का?

अक्कलकोट रोड, बोअर-होनिंगवाला

माझे बोअर आणि होनिंगचे, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कापून-घासून देण्याचे, काम आहे, त्यामुळे इंजिनाच्या भिंती रोज हाताखालून जातात. आपल्या सासऱ्यांचा अनुभव खरा आहे. फक्त ज्या इंजिनांवर तो आला, ती इंजिने आता फारशी रस्त्यावर राहिलेली नाहीत.

सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंगच्या दगडाने तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात आणि त्या रेघांत ऑइल टिकून राहते. रेघांच्या मधली टोके पिस्टनवरच्या रिंगांनी घासून सपाट झाली की रिंग भिंतीला नीट बसते. रनिंग-इन म्हणतात ते मुख्यतः हेच. पूर्वी ही टोके गिऱ्हाइकाच्या हातात झिजत, म्हणून ऑइलमध्ये कीस उतरत असे आणि ते लवकर काढून टाकणे शहाणपणाचे होते. आता कारखान्यातच शेवटचा हात अतिशय बारीक दगडाने फिरवून टोके आधीच छाटतात. त्यामुळे रिंगांचे काम बरेच कमी झाले आहे, पण संपलेले नाही, आणि म्हणून शोरूमवाल्याचे बोलणेही पूर्ण खरे नाही.

चाळिसाच्या नियमाने मात्र नुकसानच होऊ शकते. रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भारच आला नाही तर हा दाब अपुरा पडतो, रिंग नीट बसत नाही, भिंतीवरचे ऑइल भाजून तिथे चकाकणारा थर धरतो आणि मग ते इंजिन जन्मभर ऑइल पीत राहते. नुकतेच बांधलेले जनरेटरचे इंजिन तासन्‌तास बिनभाराचे चालवून मालकाने पुन्हा माझ्याकडे आणल्याचे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. बोअर चकचकीत, रिंगा नव्याच, आणि धूर निळा.

तेव्हा पुण्याला खुशाल जा, पण शंभरावर क्रूझ लावून निवांत बसू नका. साठ ते नव्वदच्या दरम्यान वेग बदलता ठेवावा आणि टेंभुर्णी, भिगवण असे थांबत जावे. जमल्यास शनिवारी आधी तुळजापूर करून या. जेमतेम ४५ किलोमीटरचे अंतर आहे, घाटात गिअर वरखाली होतात, इंजिनावर भार येतो आणि उतारावर ते थंडावते. रिंगा बसवायला आपल्या भागात याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. चढावर मात्र वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू देऊ नये. जोराची रेस देण्याइतकेच ते वाईट आहे.

पार्क चौक

वरील विवेचन कारपुरते योग्य आहे. दुचाकीवाल्यांनी ते आपल्याला लावून घेऊ नये. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलात बुडालेले असतात. नव्या गिअरच्या दात्यांचा आणि क्लचप्लेटचा चुरा त्याच ऑइलात येतो, म्हणून अनेक कंपन्या ५०० ते १००० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसलाच ऑइल बदलायला लावतात. ती सर्व्हिस चुकवू नये.

होटगी रोड, दुसरी कार

बोअरवाल्या साहेबांशी मी अर्धाच सहमत आहे. कारखान्यातील होनिंग कितीही चांगले असले, तरी नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये धातूचे कण नंतरच्या ऑइलपेक्षा जास्त असतात. फिल्टर साधारण २० ते ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण चांगले धरतो आणि त्याहून बारीक कण फिरतच राहतात, तर बेअरिंगमधला ऑइलचा थर कित्येकदा काही मायक्रॉनचाच असतो. ज्याला गाडी तीन-चार वर्षांनी विकायची आहे त्याने हा विचार करू नये; मला मात्र पंधरा वर्षे वापरायची होती, म्हणून मी १५०० किलोमीटरला पदरचे पैसे घालून ऑइल आणि फिल्टर बदलले.

पण त्यात मी एक चूक केली. काम बाहेरच्या गॅरेजमध्ये केले आणि मेस्त्रीने "आपल्या उन्हाळ्याला पातळ ऑइल टिकत नाही" म्हणत पातळ ०डब्ल्यू-२० च्या जागी घट्ट २०डब्ल्यू-५० भरले. सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो हे खरे, परंतु इंजिनातील ऑइलचे तापमान शंभर अंशांच्या आसपास असते आणि इंजिनातल्या फटी पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. गाडी जड वाटू लागली, मायलेज उतरले. पुढे एका तक्रारीच्या वेळी सर्व्हिस सेंटरने आधी त्या ऑइलचे बिल मागितले, आणि ते माझ्याकडे नव्हते.

अक्कलकोट रोड, बोअरवाला

कणांचा मुद्दा मान्य आहे. लवकर बदललेल्या ऑइलाने इंजिन बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. खर्च मात्र खिशाला लागतो. तरीही पुस्तिका वाचल्याशिवाय बदलू नये, कारण काही कंपन्या कारखान्यात भरलेल्या ऑइलमध्ये सुरुवातीच्या घर्षणासाठी मुद्दाम जास्तीची द्रव्ये घालतात. होंडाच्या अमेरिकेतील पुस्तिका तर पहिले ऑइल ठरलेल्या वेळेआधी काढू नका, असेच सांगतात. पुस्तिकेत अशी मनाई नसेल तर १००० ऐवजी २००० ते ३००० च्या सुमारास, त्याच ग्रेडचे, फिल्टरसह आणि अधिकृत ठिकाणी पक्के बिल घेऊन बदलावे. आणि पूर्ण दहा हजार चालवायचेच असेल, तर पुस्तिकेतील प्रतिकूल वापराचा तक्ता (कोणत्या कठीण वापरात ऑइल लवकर बदलावे तो) पाहावा. आपल्या सोलापूरसारख्या गिरणगावातली धूळ आणि दिवसभर शाळा, मंडई, बँक अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या त्या तक्त्यातच मोडतात.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. काल तुळजापूरला जाऊन आलो. सासरे शेजारच्या सीटवर होते. घाटात मी गाडी साडेतीन हजार फेऱ्यांवर नेली तेव्हा त्यांनी काही न बोलता खिडकीबाहेर पाहिले. परतल्यावर इंजिन थंड होऊ दिले आणि स्वतः डिपस्टिक काढून कापडावर पुसून दोनदा पाहिली. पातळी वरच्या खुणेला आहे. आमच्या पुस्तिकेत मनाई नाही, म्हणून ऑइल अडीच हजारला बदलायचे ठरले आहे. पैसे तेच देणार आहेत, पण जुने ऑइल डब्यात भरून घरी आणण्याच्या अटीवर. त्यांना त्यात लोहचुंबक फिरवून पाहायचे आहे.