‘ट्रायगन’ बाराव्या भागापासून बघा? अजिबात नाही!

रानमांजर:
काल इथे एकाने नवख्यांना सल्ला दिला: ‘ट्रायगन’ या जपानी अॅनिमे मालिकेचे पहिले ११ भाग सोडा, सगळे एकाच साच्यातले, खलनायक लेगाटो बाराव्यात येतो, गोष्ट तिथून सुरू होते. डोकंच फिरलं वाचून. साचा आहेच. नायक वॅश गावात येतो, त्याच्यावर लावलेल्या ६० अब्जांच्या बक्षिसापायी लोक मागे लागतात, त्याच्या मागावरच्या विमा कंपनीच्या दोघी हैराण होतात, गोळ्यांचा पाऊस पडतो आणि वॅश कुणाचाही जीव घेत नाही. हे पुन्हापुन्हा पाहिलेलं असतं म्हणून तर चोविसाव्यात लेगाटो वॅशच्याच हातून मरतो तेव्हा पोटात गोळा येतो. बाराव्यापासून बसणाऱ्याला तिथे एक खलनायक मेलेला दिसेल, बस्स.

कोल्हापुरी_मिरची:
सल्ला माझाच होता. दिवसभर राबून रात्री एक भाग बघणाऱ्याने ११ रात्री कळ का काढायची? ‘काउबॉय बिबॉप’ हे अॅनिमेही १९९८चंच, भागही २६च. तिथे खलनायक व्हिशस पाचव्यातच समोर येतो!

रानमांजर:
आणि त्याची गोष्ट पुढे सरकते ती थेट १२-१३ आणि २५-२६ मध्ये. मधले सुटे भाग तुम्ही सोडलेत का? नाही ना?

अंबरनाथ_लोकल:
सोडायचं काय घेऊन बसलात! आमच्या लहानपणी चॅनेलवाले शेवटापर्यंत पोहोचूच द्यायचे नाहीत. पंचवीसेक भाग झाले की पुन्हा पहिला. दहावीत क्लास बुडवून टीव्हीसमोर बसलो, तर परत पहिलाच भाग. वर आईचा मार.

पुणेरी_निन्जा:
आमच्याकडे क्रमच उलटसुलट. काल मेलेला माणूस आज जेवायला बसलेला! हिंदी डबिंग मात्र झकास असायचं.

अंबरनाथ_लोकल:
झकास? निम्मे संवाद गाळलेले असायचे.

पुणेरी_निन्जा:
जपानी न कळणाऱ्या पोरांना त्याच डबिंगने अॅनिमे दाखवलं. नावं ठेवू नका.

रानमांजर:
डबिंगसाठी वेगळा धागा काढा! पण क्रम मोडता यायचा तो भाग सुटे असायचे म्हणूनच. आठवड्याला एक भाग, चुकला तर चुकला. कुणालाही मधूनच बसता यावं म्हणून तो साचा. ‘इव्हँजेलियन’ या अॅनिमेमध्येही एंजल नावाचा राक्षस येतो, पोरं लढतात, हे अंगवळणी पडल्यावरच अठराव्यात नायकाचा वर्गमित्र तोजी याचं जे होतं ते सहन होत नाही.

कोल्हापुरी_मिरची:
तोजीचं पटलं. ‘ट्रायगन’मधला वॅशचा साथीदार वुल्फवुड नवव्यात येतो हेही मी विसरलो होतो, ती चूक माझी. नववा बघा. बाकीच्यांबद्दल मत बदलणार नाही.

रानमांजर:
मग पाचवाही बघायला सांगा. अख्खं गाव बक्षिसासाठी वॅशवर बंदुका रोखतं आणि तो त्याच गावाला वाचवतो.