बकव्हीटला मराठीत काय म्हणायचं?

धंतोलीची सून: भाचीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही; गहू-रवा-मैदा बंद. तिच्यासाठी बकव्हीट या ग्लुटेन नसलेल्या दाण्याचे क्रेप करते. पाककृती मराठीत लिहून नातेवाइकांना पाठवायची आहे, आणि नावातच अडले. एके ठिकाणी 'काळ्या गव्हाची धिरडी' असं वाचलं. फ्रेंचमध्येही 'ब्ले नुआर', म्हणजे काळा गहूच म्हणतात. चालेल ना?

महालवाला: मुळीच नाही! काळा गहू नावाचा खराखुरा गहू बाजारात मिळतो, त्यात ग्लुटेन असतंच. एखाद्या मावशीनं तोच दळून आणला तर? सरळ कुट्टू लिहा. नवरात्रात इतवारीत कुट्टूचा आटा मागून पाहा, कोणी अर्थ विचारत नाही.

शब्दवेडा: कुट्टू हिंदी. आटाही हिंदी. नागपुरात राहून मराठी लिहिताना तरी 'पीठ' म्हणा.

महालवाला: पीठ म्हणतो. पण जे आपल्याकडे पिकत नाही त्याला घरचा शब्द कुठून आणू? पहाडात ओगल म्हणतात, ते चालेल?

शब्दवेडा: वनस्पती चुक्याच्या कुळातली आहे, गवताच्या नाही. म्हणून 'चुकधान्य'.

महालवाला: खाणाऱ्याला चूकच वाटेल ना जी!

शब्दवेडा: इंग्रजांनीही चूकच केली. दाणा बीच नावाच्या झाडाच्या फळासारखा तिकोनी, म्हणून डच लोक 'बीचगहू' म्हणाले आणि इंग्रजांनी तो 'व्हीट' तसाच उचलला.

कोकणकन्या: धान्य राहू द्या. क्रेप म्हणजे घावन. धिरडं जाड असतं.

धंतोलीची सून: माझं पातळच होतं. वाटीभर पीठ, मीठ, साधारण दोन वाट्या पाणी, मग दोन तास झाकून. फ्रान्समधल्या ब्रिटनीत कुट्टूच्या या खाऱ्या प्रकाराला गालेत म्हणतात. क्रेप बहुधा मैद्याचे, गोड.

महालवाला: धिरडंच बरोबर. धीर धरून उलटायचं ते धिरडं. त्यात ग्लुटेन नाही, घाई केली की तुकडे.

शब्दवेडा: ही व्युत्पत्ती नव्हे, तव्यासमोर सुचलेला विनोद आहे.

धंतोलीची सून: आणि दळण घरच्या मिक्सरवर. चक्कीत आधी गहू दळलेला असतो, हे मात्र ठळक लिहिणार आहे. वरून सांबार भुरभुरायचा, झालं. नाव तेवढं सांगा.

पुणेकर: सांबार भुरभुरायचा? लगदा होईल की.

महालवाला: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, भाऊ.

पुणेकर: मग इडलीबरोबर काय खाता?

महालवाला: सांबार. त्याच्यावर सांबार टाकून.

शब्दवेडा: मूळ 'संभार', म्हणजे मसाल्याचं साहित्य. दोन्हीकडे तोच शब्द गेला असावा.

कोकणकन्या: असावा म्हणजे? पुरावा द्या. आम्ही सांबारं वेगळ्याच गोष्टीला म्हणतो.

पुणेकर: थांबा, म्हणजे तुमची सांबारवडी ही आमची कोथिंबीरवडीच?

महालवाला: काहीच्या काही! तुमची वाफवून कापतात. आमच्यात सांबाराचं सारण आत, बाहेर पारी, मग तळण. सूनबाई, ती मात्र भाचीला देऊ नका, पारीत बहुतेक घरी मैदा असतो.