लिंकनचा पक्ष कसा सुटला

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारबिचार न करता सवयीने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. पटत नाही. सवयच म्हणायची तर ती रिपब्लिकन पक्षाला मत द्यायची होती, थेट गुलामगिरी संपवणाऱ्या रिपब्लिकन लिंकनपासूनची. १९२८ साली शिकागोतून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेलेले कृष्णवर्णीय ऑस्कर डी प्रीस्ट रिपब्लिकनच. १९३४ मध्ये त्यांना हरवणारे आर्थर मिचेल हे काँग्रेसमधले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. तिशीच्या दशकातल्या महामंदीत डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्टांच्या काळात सरकारी कामावर मजुरी मिळू लागली, तशी मतं त्या पक्षाकडे सरकली. रूझवेल्ट काही मोठे कैवारी नव्हते, बरं का. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बरेचसे कृष्णवर्णीय नेमकी हीच कामं करत.

तरीही १९६०ला रिपब्लिकन उमेदवार निक्सनना कृष्णवर्णीयांची साधारण एक तृतीयांश मतं होती. १९६४ला त्याच पक्षाचे उमेदवार गोल्डवॉटरनी सिनेटमध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं आणि ती जवळजवळ आटली. यात सवय कुठे आली? दक्षिणेत तर बऱ्याच कृष्णवर्णीयांना मत द्यायलाच मिळत नव्हतं. १९६५च्या मतदान हक्क कायद्याआधी मिसिसिपीत ७ टक्क्यांहून कमी कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती; दोनेक वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घ्यायची, ही याच कायद्यातली अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या शेल्बी काउंटी निकालाने निकामी झाली. या अटीमुळे अडून राहिलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं टेक्सासने त्याच दिवशी जाहीर केलं.