सार्वत्रिक आरोग्य संरक्षण: मर्यादा रुपयांची असावी की उपचारांची?

वाटसरू (धागाकर्ता)

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली, वार्षिक संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले आणि १,३५६ उपचारांची यादी ठरली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी सुरू झालेली योजना इथवर पोहोचली, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र कोणत्याही सरकारची तिजोरी अमर्याद नसते. मर्यादा कोठेतरी येणारच. ती कोठे यावी, याची उघड चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

माझे मत असे की कुटुंबामागे ठरावीक रकमेची मर्यादा ही सर्वांत सोपी आणि सर्वांत अन्यायकारक मर्यादा आहे. ज्या घरात एकाच वर्षी वडिलांची बायपास होते आणि मुलीला रक्ताचा कर्करोग निघतो, त्या घराचे पाच लाख वर्षाच्या मध्यावरच संपू शकतात. दुसरीकडे, रुग्णाला फारसा लाभ न देणारी शस्त्रक्रियाही केवळ रकमेत आणि यादीत बसते म्हणून मंजूर होऊ शकते. ही रेषा टिकतही नाही: अवयव प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांसाठी स्वतंत्र निधी ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला २०२५ मध्ये घ्यावाच लागला.

त्याऐवजी मर्यादा उपचारांच्या निवडीत असावी. कोणता उपचार किती आयुष्य वाढवतो, किती वेदना कमी करतो आणि त्यासाठी किती खर्च येतो हे तपासून यादी ठरावी, आणि ती कारणे कोणालाही वाचता यावीत. थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक योजना सुरू केली तेव्हा खर्चाच्या भीतीने डायलिसिस वगळले होते. किडनीच्या रुग्णांची कुटुंबे कर्जात बुडू लागली, रुग्णांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २००८ पासून डायलिसिस योजनेत आले. अट एवढीच, की प्रथम घरी करता येणारे, पोटाच्या पडद्यावाटे होणारे डायलिसिस घ्यावे. २०२२ मध्ये ही अटही सैल करून निवड रुग्णावर सोपवली गेली. रुग्णाला दारातून परत न पाठवता पद्धतीवर घातलेली ही मर्यादा मला मान्य होण्यासारखी वाटते. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून असे मूल्यमापन करणारी यंत्रणा उभारली आहे; तिच्या निष्कर्षांना यादी ठरवताना बंधनकारक स्थान का असू नये?

दक्षिणायन

धागाकर्त्यांच्या तळमळीविषयी आदर बाळगून सांगतो, की त्यांनी पहिलाच प्रश्न ओलांडला आहे. उपचार कोणते, याआधी लाभार्थी कोण हे ठरले पाहिजे. ज्या कुटुंबाकडे खासगी विमा आहे, ज्यांच्या उपचारांचा खर्च नोकरी देणारी संस्था उचलते, त्यांच्या खाटेचे पैसे करदात्यांनी का द्यावेत? ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेण्यात आले. निवृत्त अधिकारी आणि वृद्ध ऊसतोड कामगार यांना एकाच पंक्तीत बसवणे ऐकायला चांगले वाटते, परंतु खाटा तेवढ्याच राहतात आणि रांगेत पुढे कोण जातो हे आपण सर्व जाणतो. ज्याची ओळख, ज्याचा फोन, त्याचा नंबर आधी लागतो. म्हणून मर्यादा उत्पन्नाचीच असावी, आणि ती ठाम असावी.

शुश्रूषा

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे दोन्ही प्रतिपादनांविषयी माझी तक्रार आहे.

दक्षिणायन यांना उत्पन्नाची अट ठाम हवी आहे. ती अट टेबलावर कशी दिसते ते सांगते. शिधापत्रिकेवर नाव ‘कौसाबाई’, आधारवर ‘कौशल्या’, आणि रुग्ण स्ट्रेचरवर. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचे कागद पाहणारा कर्मचारी, चांगला असला तरी संगणक ते नाव स्वीकारत नाही, आणि मुलगा दाखला आणण्यासाठी तहसीलला पळतो. अट जितकी कडक, तितके कागद अधिक. आणि कागदांत अडकतो तो गरीबच. श्रीमंताचे कागद नेहमी पूर्ण असतात.

वाटसरू यांना मात्र मला हे विचारायचे आहे, की आपण ज्या मर्यादेचा उल्लेखही केला नाही ती सर्वांत मोठी नाही का? ही योजना मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होते. आमच्याकडे रक्तदाबाच्या रुग्ण बाया गोळी अर्धी करून खात, कारण उपकेंद्रात साठा संपला की पुढच्या गोळ्या बाजारातून विकत घ्याव्या लागत. त्यांतलीच एखादी एका बाजूने लुळी होऊन येई, आणि मग तिच्या उपचारांसाठी योजनेतून हजारो रुपये मंजूर होत. गोळीसाठी पैसा नाही आणि अर्धांगवायूसाठी आहे, ही मर्यादा कोणत्या मूल्यमापनातून आली? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने निधीचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा प्राथमिक आरोग्यसेवेला द्यावा असे म्हटले आहे. ते आधी करावे, प्रत्यारोपणाची चर्चा नंतर.

न्यायार्थी

यादीच्या कल्पनेलाच माझा विरोध आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून एकामागून एक परत पाठवले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की जीव वाचवणारी वैद्यकीय मदत देण्याचे घटनात्मक कर्तव्य राज्याला पैशांची अडचण सांगून टाळता येणार नाही. ‘किफायतशीर नाही’ हे त्याच सबबीचे अधिक सुसंस्कृत रूप आहे.

दुर्मीळ आजारांकडे पाहावे. केंद्राच्या धोरणात अशा रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते, तर स्नायूंच्या एका जनुकीय आजारावरील औषधाच्या एका मात्रेची किंमत सुमारे १६ कोटी सांगितली जाते. आपल्या निकषांवर ते मूल कधीच यादीत येणार नाही, मग त्याचे आईबाप समाजमाध्यमांवर वर्गणी मागत फिरतात. इंग्लंडमध्ये अशी छाननी १९९९ पासून होते, तरीही लोकांचा रोष इतका वाढला, की कर्करोगाच्या नाकारलेल्या औषधांसाठी २०११ मध्ये वेगळा निधी काढावा लागला.

वाटसरू

न्यायार्थी यांनी दिलेला निकाल तातडीच्या उपचारांविषयी आहे आणि तेथे कोणतीच मर्यादा नसावी, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु डर्बनच्या रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे अपुरी होती, तेव्हा १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाला एका किडनीच्या रुग्णाची मागणी फेटाळावी लागली आणि तो रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. तो निकाल वाचताना वाईट वाटते. तरीही रुग्णालयाचा नियम लेखी होता, म्हणून तो न्यायालयात तपासता तरी आला. आपल्याकडे ‘खाट शिल्लक नाही’ या तोंडी उत्तराविरुद्ध कोणाकडे जायचे?

दक्षिणायन यांना एवढेच सांगतो, की ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते तो वर्ग योजनेबाहेर गेला, तर उरलेल्यांची सेवा सुधारण्यासाठी भांडणार कोण? शुश्रूषा यांचे म्हणणे माझ्या निकषाला अधिक बळ देणारे आहे, कारण खर्च आणि लाभ प्रामाणिकपणे मांडले तर रक्तदाबाची गोळी यादीत सर्वांत वर येईल.

न्यायार्थी

मग त्या लेखी नियमासोबत तीन गोष्टी आजच लिहून घ्याव्यात: नकाराचे कारण रुग्णाला मराठीत आणि त्याच दिवशी लेखी मिळावे, अपील रुग्णालयाबाहेरच्या समितीकडे असावे आणि तिच्यात रुग्णांचे प्रतिनिधी असावेत, आणि गंभीर रुग्णाचे उपचार अपिलाचा निर्णय होईपर्यंत थांबू नयेत. यांपैकी तिसरी अट सरकार मान्य करणार नसेल, तर माझा विरोध कायम राहील.