मदत हवी आहे: थॉमस कूकच्या दाबोळी चार्टरचं जुनं वेळापत्रक

मंडळी, वेंगुर्ल्यात आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरणारी चार्टर विमानं (पर्यटन कंपन्या आपल्या पर्यटकांसाठी खास सोडतात ती) आणि किनाऱ्यावरचा धंदा यावर लेख लिहितोय. आमच्याकडची कितीतरी पोरं दिवाळीच्या आसपास गोव्यात शॅकवर नायतर टॅक्सीवर जायची, चार्टर कुठल्या वारी उतरतं यावर त्यांचा अख्खा आठवडा ठरायचा, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

थॉमस कूक या ब्रिटिश पर्यटन कंपनीची गोष्ट जुळलीये. 2007 ला मायट्रॅव्हल या दुसऱ्या ब्रिटिश पर्यटन कंपनीशी विलीनीकरण, मग कर्ज वाढतच गेलं आणि 23 सप्टेंबर 2019 ला सगळं बंद, तेही आपल्या सीझनच्या अगदी तोंडावर! दीडेक लाख ब्रिटिश पर्यटकांना सरकारने घरी नेलं. त्याच ग्रुपची जर्मन विमान कंपनी कॉन्डॉर मात्र सरकारी कर्जावर तगली.

अडलंय ते 2018-19 च्या हिवाळ्यापाशी. मँचेस्टर आणि लंडनच्या गॅटविकहून दाबोळीला येणारी विमानं कुठल्या वारी, किती वाजता उतरायची? फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर इतका जुना रेकॉर्ड फुकट दिसत नाही, वेब अर्काइव्हवर पान उघडतं पण तारखेचा सर्च चालत नाही, कळंगुटच्या एजंटांकडचे कागद रद्दीत गेलेत. भारतातली थॉमस कूक 2012 पासून वेगळ्या मालकीची आहे, त्यामुळे तिकडे विचारून उपयोग नाही.

पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एखादा दिवस जाऊन बसू शकतो, पण नेमका कुठला पेपर चाळू? आणि त्या सीझनचा हॉटेल पिकअपचा चार्ट किंवा ड्रायव्हरची वही कुणाकडे आहे का, नुसता फोटो मिळाला तरी चालेल?