स्त्रीरोगात आयुर्वेदाची प्रॅक्टिस: सहा महिन्यांचा कोर्स पुरेल का?

मनीप्लांट: वय ३३, बी.एस्सी., बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) होतं. दुसऱ्या बाळंतपणात सासूबाईंनी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा असं सगळं साग्रसंगीत केलं, तेव्हापासून या विषयाने झपाटलंय. एक ऑनलाइन कोर्स दिसतोय, ४५ हजार फी. तो करून पीसीओडीच्या मुली तपासता येतील का?

वेखंड: नाही. पेशंट तपासून औषध द्यायचं तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आणि नोंदणी हवीच. ते ४५ हजार 'नीट'च्या (बीएएमएसची प्रवेश परीक्षा) क्लासला ठेव. वयाची वरची अट नाही. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप. प्रसूतितंत्र-स्त्रीरोगात एम.एस. करायचं तर आणखी ३ वर्षं, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. एम.एस. नसलं तरी प्रॅक्टिस करता येते.

मनीप्लांट: म्हणजे बेचाळिशी गाठणार मी!

वेखंड: तशीही गाठणारच आहेस की :)

ओपीडीतली_बाई: मी एम.एस. केलंय. ग्रंथ सुंदर आहेत, चरकाच्या चिकित्सास्थानातल्या ३०व्या अध्यायात २० योनिव्यापद् (स्त्रीरोगांचे प्रकार) आहेत, पाठ होतात. पण इंटर्न असताना एक बावन्न वर्षांच्या काकू आल्या. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली आणि आता थोडं अंगावरून जातंय म्हणे. "उष्णता असेल, काढा द्या." मी शतावरी लिहायला पेन उघडलंही होतं. आमच्या मॅडमनी केसपेपर ओढून घेतला, सोनोग्राफी आणि बायोप्सीसाठी पाठवलं. पाळी पूर्ण गेल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी आधी तपासणी, मग औषध. काकूंना काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण काढ्याने उशीर झाला असता एवढं खरं. हे ऑनलाइन कोर्समध्ये कोण शिकवणार? पिचू ठेवायलासुद्धा (तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, दिसतं तितकं सोपं नाही) हाताला सवय लागते आणि कुणाला ठेवायचा नाही हेही कळावं लागतं.

मनीप्लांट: पटलं. संस्कृत शाळेनंतर सुटलंय, जमेल?

ओपीडीतली_बाई: पहिल्या वर्षाला विषयच असतो, जमतं. त्याआधी ओळखीच्या एखाद्या वैद्य बाईंना विचारून महिनाभर त्यांच्या ओपीडीत कोपऱ्यात बसून बघ. पेशंटची परवानगी घेऊनच, बरं का.

वेखंड: आणि घरी मुलांचं कोण बघणार, ते सासूबाईंना आजच विचार. फिजिक्स नंतर.