दुकानदाराचा सल्ला कसा पारखावा
घरच्या टाकीत पाळायचे मासे विकणाऱ्या दुकानदाराबद्दल "तो विकायलाच बसलेला असतो, त्याचं काही ऐकू नये" असं एक मत आहे; ते मला सरसकट पटत नाही. चांगला दुकानदार त्याच्या प्रश्नांवरून ओळखता येतो. टाकी किती लिटरची, कधी लावली, आत कोणते मासे आहेत, हे न विचारता जो मासे पिशवीत भरून देतो, त्याच्या सल्ल्याला मी महत्त्व देत नाही.

माझी खरी कसोटी म्हणजे सायकलिंग, म्हणजे मासे सोडण्याआधी नव्या टाकीत उपयोगी जिवाणू जमू देणं. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांच्या जिवावर उठतात. "पाणी एक दिवस भरून ठेवा, उद्या मासे न्या" असं सांगणारा फार तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जाण्याचा विचार करतोय. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनसारखंच पाणी शुद्ध करायला वापरलं जाणारं रसायन) असेल तर तेही एका दिवसात उडत नाही. (जुन्या, चालू टाकीतलं फिल्टर मीडिया (फिल्टरमधला स्पंज वगैरे, ज्यावर हे जिवाणू वाढतात) मिळालं तर मात्र हा काळ बराच कमी होतो, आणि हे स्वतःहून सांगणारा दुकानदार सोडू नका.)

"टाकीएवढाच मासा वाढतो" हेही ऐकू नका. शेवाळ खायला म्हणून दिला जाणारा कॉमन प्लेको फूटभराच्या पुढे जातो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती हाल होऊन.

मासे दुकानात कधी आले, काय खातात, हे मात्र दुकानदारालाच ठाऊक असतं. ते जरूर विचारा, आणि मासा खाताना दाखवायला सांगा.